फळमाशीचा गंधसापळा

आंब्यावरील फळमाशीच्या नरांना वासाने ओढून मारण्याचे साधन. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा बागायतदारांच्या ओळखीचा आहे. त्यातला वास मिथाइल युजेनॉलचा. तुळशीच्या काही जातींत आणि कितीतरी फुलांत हे द्रव्य निसर्गतः असते.

फळमाशीची मादी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस) तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. वरून सुईच्या टोकाएवढा डंख दिसतो, कधी तोही नजरेतून सुटतो. आत अळ्या गर खातात, फळ गळते आणि अळ्या मातीत शिरून कोषात जातात. (हापूसमधला साका, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होणे, हा वेगळा दोष, त्याचा माशीशी संबंध नाही.) सालीखालच्या अळीपर्यंत फवारा नीट पोचत नाही, आणि काढणीच्या तोंडावर फवारले तर औषधाचा अंश फळात राहतो. म्हणून इथे वासाचा उपाय खरोखर मोलाचा ठरतो.

या वासाचा माग बिहारमधील पुसा येथे लागला. तिथले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली नोंदवले, की डास पळवण्यासाठी लोक वापरतात त्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर झेपावतात. पुढे १९१५ मध्ये त्यांनी त्यामागचे द्रव्य म्हणून मिथाइल युजेनॉलकडे बोट दाखवले. नर ते नुसते हुंगत नाहीत, अधाशासारखे चाटतात. पोटात गेलेल्या द्रव्यापासून त्यांच्या शरीरात मादीला भुलवणारा गंध तयार होतो. असा नर जोडीदार मिळवण्यात सरस ठरतो. सापळा नराची हीच ओढ वापरतो. प्लायवूडचा छोटा ठोकळा मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवून डब्यात टांगतात. भोकातून आत आलेला नर तो चाटतो आणि तळाशी पडतो. डबा झाडाच्या सावलीत लावावा. उन्हात वास लवकर उडतो.

सापळ्यात फक्त नर सापडतात, ही त्याची मोठी मर्यादा. शेजारच्या वाडीतून आधीच जुगलेली मादी आली तर एकट्या बागेतले सापळे तिला अडवू शकत नाहीत. म्हणून सापळे गावाने मिळून, सलग क्षेत्रावर लावायला हवेत. प्रशांत महासागरातील रोटा बेटावर १९६०च्या दशकात बेटभर मिथाइल युजेनॉलचे विषारी तुकडे टाकून ही माशी समूळ नष्ट केली. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरही १९८६पर्यंत ते साधले. आपल्याकडे बाग उघडी आणि सभोवती माशी ज्यांवर वाढते अशी फळझाडे भरपूर, त्यामुळे समूळ नायनाटाची अपेक्षा धरू नये. डंख कमी होतो, एवढे खरे. गळलेले आंबे रोज वेचून खोल पुरले नाहीत, तर कलमाखालीच नवी पिढी तयार होते.

निर्यातीला या माशीचा फटका मोठा बसतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली होती, ती बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. युरोपला जाणाऱ्या आंब्यातील अळ्या मारण्यासाठी तो ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया वापरतात.

कारली, पडवळ, काकडी यांवरची फळमाशी वेगळ्या जातीची आहे. ती मिथाइल युजेनॉलला दाद देत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्युअर हे दुसरे गंधद्रव्य लावावे लागते.