खगोलभौतिकीत पीएच.डी.: पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि पहिल्या वर्षाचे कोर्सवर्क

ठाणे किंवा नवी मुंबईतून खगोलभौतिकीच्या पीएच.डी.साठी अर्ज करणारे बरेच विद्यार्थी प्रबंधाचा विषय आधी ठरवतात आणि परीक्षेची तयारी नंतर सुरू करतात. प्रत्यक्ष क्रम उलटा आहे. राष्ट्रीय संस्थांत पहिले वर्ष मुख्यतः वर्गात, गृहपाठात आणि परीक्षांत जाते. मार्गदर्शक आणि विषय सहसा त्यानंतर ठरतात. म्हणूनच मुलाखतीतही कृष्णविवरांपेक्षा यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय भौतिकी यांवरचे प्रश्न अधिक असतात, आणि फळ्यावर गणित सोडवून दाखवावे लागते.

पात्रतेचा पाया विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीत आहे. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के किंवा समकक्ष श्रेणी लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट अर्ज करायचा असल्यास 75 टक्के गुण हवेत. 2024-25 पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, म्हणजे नेटचा, निकाल तीन श्रेणींत लागतो आणि त्यातली तिसरी श्रेणी केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतील उमेदवारांच्या निवडीत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांक दिला जातो. भौतिकशास्त्राची नेट सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) असते, हेही ध्यानात ठेवावे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे आणि ती साधारणपणे डिसेंबरमध्ये होते. तिथे बी.एस्सी.नंतर एकात्मिक एम.एस्सी.-पीएच.डी.चाही मार्ग आहे. जेस्ट ही अनेक संस्थांची सामायिक चाळणी परीक्षा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत असते. पुण्यातील आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) आणि एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) यांचे अर्ज स्वतंत्रपणे भरायचे असतात. परीक्षा उत्तीर्ण झाले म्हणजे संस्थेत अर्ज पोहोचला असे होत नाही. दरवर्षी काही मुले इथेच चुकतात. घराजवळचा पर्याय हवा असेल, तर नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे पाहावे. सूर्यावरील घडामोडींचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर होणारा परिणाम हा तिथला एक मुख्य विषय आहे, आणि 1859 च्या प्रचंड सौरवादळाची नोंद करणाऱ्या कुलाबा वेधशाळेचा वारसा तिच्याकडे आहे.

अर्ज अडकतात ते बहुधा कागदपत्रांवर, आणि त्यातही जातीच्या दाखल्यावर. टीआयएफआर, आयुका, आयआयटी या संस्थांना केंद्र सरकारच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र लागते. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला तिथे चालत नाही. राज्यात विमुक्त जाती किंवा भटक्या जमाती या प्रवर्गांत मोडणाऱ्या अनेक समाजांची नावे केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा आपल्या जातीची नोंद त्या यादीत आहे का, हे आधी तपासावे. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग मात्र केंद्रीय संस्थांत नाही. अशा उमेदवाराने केंद्राच्या निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे, प्रमाणपत्र काढावे. ते आर्थिक वर्षापुरते वैध असल्याने एप्रिलनंतर नव्याने काढावे लागते.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक बारकावा आहे. वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर हे भाग ठाणे तालुक्यात येतात, तर खारघर, कामोठे, कळंबोली हे रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात. पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहिले, तरी दाखल्यासाठी जायचे कार्यालय वेगळे असते, आणि चुकीच्या सेतू केंद्रात दिलेला अर्ज आठवडे घालवतो.

बाकी कागदपत्रे नेहमीचीच आहेत: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, श्रेणी गुणांचे टक्क्यांत रूपांतर दाखवणारे विद्यापीठाचे पत्र, ओळखपत्र, छायाचित्र, आणि नोकरी असल्यास ना-हरकत प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावे. शेवटच्या सत्राचा निकाल बाकी असल्यास महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि मुदतीत निकाल सादर करण्याचे हमीपत्र लागते. शिफारसपत्रे शिक्षकांनी थेट संस्थेकडे पाठवायची असतात, म्हणून त्यांना तीन-चार आठवडे आधी सांगावे. ज्यांच्याकडे तुम्ही प्रकल्प केला आहे, अशा शिक्षकाचे पत्र विभागप्रमुखांच्या चार गोड ओळींपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

आता कोर्सवर्क. नियमावलीप्रमाणे किमान 12 क्रेडिट पूर्ण करावी लागतात, त्यांत संशोधन आणि प्रकाशन नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम असतो, आणि पुढे जाण्यासाठी 55 टक्के गुण आवश्यक आहेत. खगोलभौतिकीच्या संस्थांत काम याहून बरेच अधिक असते. आयुका आणि एनसीआरए यांचे विद्यार्थी संयुक्त ग्रॅज्युएट स्कूलमध्ये वर्षभर एकत्र शिकतात. गणितीय भौतिकी, पुंज व सांख्यिकीय यामिकी, विद्युतगतिकी आणि प्रारणप्रक्रिया (प्रकाश, रेडिओ लहरी असे प्रारण कसे निर्माण होते), तारे, दीर्घिका, तसेच निरीक्षणतंत्र असा तो अभ्यास असतो. यांपैकी प्रारणप्रक्रियेकडे विद्यार्थी सुरुवातीला कंटाळून पाहतात. पण दूरच्या दीर्घिकेतून आपल्यापर्यंत येते ते जवळजवळ केवळ प्रारण. ते चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे निघाले की तप्त वायूतून, हे वर्णपटावरून ओळखता आले नाही, तर पुढचे सारे निष्कर्ष अधांतरी राहतात.

निरीक्षणतंत्राचा अभ्यास वर्गात संपत नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. ठाण्याहून मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा या रस्त्याने तिथे जाता येते. एवढ्या विखुरलेल्या अँटेनांचे संकेत एकत्र करून आकाशाची प्रतिमा कशी तयार होते, हे समजायला फूरिये रूपांतर (संकेतातील वेगवेगळ्या वारंवारिता वेगळ्या करण्याचे गणित) हातात बसलेले हवे, आणि नोंदी स्वच्छ करायला संगणकाची सवय हवी. ज्यांनी एम.एस्सी.त पायथनला हात लावलेला नाही, त्यांनी मुलाखत आणि सत्रारंभ यांमधले महिने त्यासाठी द्यावेत.

टीआयएफआरमध्ये प्रवेश मिळालेल्या ठाणेकरांना घरून ये-जा करण्याचा मोह होतो. ठाणे ते सीएसएमटी लोकल आणि पुढे नेव्हीनगरपर्यंत बस, असा दोन्ही वेळचा प्रवास कोर्सवर्कच्या वर्षात परवडत नाही; वसतिगृहासाठी अर्ज सुरुवातीलाच करावा. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची, रक्कम 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा असतो.

कोर्सवर्कनंतर संशोधन सल्लागार समितीपुढे आराखडा मांडावा लागतो आणि त्यानंतर दर सत्राला प्रगती अहवाल द्यावा लागतो. नियमावलीप्रमाणे शोधछात्रांना अध्यापनाचेही प्रशिक्षण घ्यावे लागते. शिकवणी वर्ग, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन यांसाठी आठवड्याला चार ते सहा तासांचे काम दिले जाऊ शकते. कोर्सवर्क धरून एकूण कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांना आणखी दोन वर्षांची मुभा मिळू शकते, आणि महिलांना संपूर्ण कालावधीत मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते.