कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे कोर्ट मार्शल नव्हे

छावणीत खून होतो, साध्या वेशातला तपास अधिकारी आत शिरतो, बंद खोलीत कर्नलकडून कबुली वदवून घेतो आणि पुढच्याच दृश्यात कर्नलला शिक्षा होते. अशा मालिकांमुळे लष्करातील चौकशी आणि खटला एकच, असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि लष्कराने कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमली, तेव्हा देवळी तालुक्यातील पारांवरही ‘कोर्ट बसलं, आता शिक्षा होईल’ असेच बोलले जात होते.

घोटाळा ‘कोर्ट’ या शब्दाचा आहे. कोर्ट ऑफ इन्क्वायरी हे न्यायालय नसून अधिकाऱ्यांचे चौकशी मंडळ असते; ते साक्षी नोंदवते, कागद तपासते आणि मागितल्यास आपले मत कळवते, मात्र शिक्षेचा अधिकार त्याला नसतो. गारपिटीनंतर तलाठ्याने केलेला पंचनामा म्हणजे भरपाई नव्हे, हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही; येथेही तसेच आहे. एखाद्या सैनिकाच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला बाधा पोहोचण्याची शक्यता असल्यास त्याला चौकशीला हजर राहण्याची आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची पूर्ण संधी द्यावी लागते. याहून महत्त्वाचे म्हणजे, १९५४ च्या लष्करी नियमांनुसार तेथे दिलेली कबुली त्या सैनिकाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीच्या खटल्याचा. मालिकेतला सर्वांत रंगलेला प्रसंग कायद्याच्या दृष्टीने असा निरुपयोगी ठरतो.

कोर्ट मार्शल मात्र खरोखरचा खटला असतो. १९५० च्या लष्करी कायद्यात त्याचे चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात, सोबत कायद्याचा सल्ला देणारा जज ॲडव्होकेट असतो आणि मृत्युदंडासाठी किमान दोनतृतीयांश सदस्यांचे एकमत लागते. त्यांचा निर्णयही वरिष्ठांनी कायम केल्याशिवाय लागू होत नाही. लष्करी कायदा शिकवणारी संस्था आपल्या कामठीतच आहे, हे नागपूरकरांनाही क्वचितच ठाऊक असते.

२००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनसीआयएस’ या अमेरिकन मालिकेतील विशेष तपास अधिकारी गणवेशधारी सैनिक नसून नागरी कर्मचारी असतात आणि अमेरिकेच्या नौदलात तशी यंत्रणा खरोखरच आहे. आपल्या सेनेतील लष्करी पोलीस मात्र स्वतःच सैनिक असतात.

आणखी एक गोष्ट मालिकांतून सुटते. रजेवर गावी आलेल्या जवानाने गावकऱ्याचा खून केला, तर त्याचे कोर्ट मार्शल होत नाही. तपास गावाच्या हद्दीतले पोलीस ठाणे करते आणि खटला सत्र न्यायालयात चालतो.