अडकलेला हीटर आणि धापा टाकणारे मासे

फिशटँकच्या हीटरवरचा लाल दिवा बराच वेळ विझलेला नाही, हे लक्षात आलं तर सर्वांत आधी थर्मामीटर पाहावा. पाणी ठरवलेल्या तापमानाच्या वर गेलेलं असूनही दिवा पेटलेला असेल, तर हीटर ‘चालू’ स्थितीत अडकला आहे. हीटर बंद पडला तर पाणी हळूहळू थंड होतं, तेवढ्यात आपल्याला वेळ मिळतो. अडकलेला हीटर मात्र एका रात्रीत टाकी संपवू शकतो.

हे का होतं ते हीटरच्या पोटात दिसतं. काचेच्या नळीत चिनी मातीच्या दांड्यावर वीज वाहताच तापणारी नायक्रोमची तार गुंडाळलेली असते आणि तिच्या वरच्या बाजूला द्विधातूची पट्टी असते. वेगवेगळ्या धातूंचे दोन पातळ पत्रे जोडून केलेली ही पट्टी तापली की एका बाजूला वाकते आणि वीज तोडते. पाणी निवलं की सरळ होऊन पुन्हा जोडते. ही उघडझाप दिवसभर चालते आणि दर वेळी टोकांपाशी बारीकशी ठिणगी पडते. ठिणग्यांनी टोकं खडबडीत होतात, काळवंडतात आणि कधीतरी एकमेकांना वितळून चिकटतात. मग पट्टीने कितीही वाकायचा प्रयत्न केला तरी ती सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक हीटरमध्ये पट्टी नसते, पण त्यातला वीज जोडणारा-तोडणारा रिलेही असाच चिकटू शकतो.

म्हणून हीटर निवडताना एक प्रश्न विचारावा: हा अडकला तर काय होईल? हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाण्यात ३०० वॉटचा हीटर अडकला, तर बाहेर जाणारी उष्णता हिशेबात धरली नाही तर पाणी तासाला सुमारे २.६ अंश सेल्सिअसने तापतं. रात्री २६ अंशांवर असलेली टाकी पहाट व्हायच्या आत माशांना सोसणार नाही इतकी तापते. त्याच टाकीत ५० वॉटचे दोन हीटर लावले आणि त्यातला एक अडकला, तर त्याचा वेग तासाला जेमतेम ०.४ अंश. त्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून आणि काचेतून उष्णता बाहेर पडत असतेच, त्यामुळे गार खोलीत तापमान थोडंसं चढून थांबतं. शिवाय दोनांपैकी एक बंद पडला तर दुसरा टाकी अगदी गारठू देत नाही. लिटरला एक वॉट हा ढोबळ अंदाज बहुतेक टाक्यांना पुरतो. ‘जास्त वॉट असलेला बरा’ हा समज माशांच्या जिवावर उठतो.

वेगळा तापमान-नियंत्रक बसवला तर दुहेरी पहारा होतो, आणि तो बसवावाच. हीटरचं स्वतःचं तापमान नियंत्रकापेक्षा दोन अंश वर ठेवावं, म्हणजे एक फसला तर दुसरा वीज तोडतो. मात्र नियंत्रकाचा सेन्सर पाण्याबाहेर निसटला तर तो खोलीची हवा मोजत राहतो आणि वीज तोडत नाही. सेन्सरची वायर काचेला दोन ठिकाणी पक्की धरून ठेवावी.

हीटरची काच फुटण्याचं कारण वेगळं. पाणी बदलताना पातळी खाली येते, हीटर उघडा पडतो, पण वीज चालूच असते. हवा पाण्याइतक्या वेगाने उष्णता ओढून नेत नाही, त्यामुळे नळी पाहता पाहता कडक तापते. त्यावर बादलीतलं गार पाणी पडलं की काचेचा बाहेरचा थर झटकन आकुंचन पावतो, आतला प्रसरलेलाच राहतो आणि ताण न सोसून काच तडकते. उपाय एकच: पाण्याला हात लावण्याआधी प्लग काढायचा, २० मिनिटं थांबायचं आणि मगच पाणी उपसायचं. नवा हीटरही टाकीत बुडवून २० मिनिटांनी चालू करावा. तो फिल्टरच्या पाण्याच्या झोताजवळ आडवा, तळाशी पण खडीत न रुतवता बसवला, तर पाणी सारखं तापतं आणि पातळी घटली तरी तो उघडा पडत नाही. मोठ्या किंवा काचेला चिकटून बसणाऱ्या माशांच्या टाकीत हीटरभोवती प्लास्टिकची जाळी हवीच.

विजेची वायर सॉकेटकडे नेताना तिला सॉकेटच्या खालपर्यंत झोका द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. टाकीची वीज ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी गळतीला तुटणाऱ्या आरसीसीबीमधून (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यावी. तडकलेल्या हीटरच्या पाण्यात मासे निवांत पोहताना दिसू शकतात, कारण त्यांच्या शरीरातून जमिनीकडे वाट नसते. ती वाट पाण्यात घातलेला माणसाचा हात देतो. मासे ठीक दिसतात म्हणून पाणी सुरक्षित आहे असं कधीही धरू नये.

आता पाणी तापलंच आहे असं समजू. आधी वीज तोडावी, सॉकेटपाशी, पाण्यात हात न घालता. पुढचं पाऊल बहुतेक लोक चुकतात: ते पाणी गार करायला धावतात, पण माशांना पहिल्यांदा हवा असतो तो ऑक्सिजन. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जवळपास ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना ७ च्याही खाली. त्याच वेळी, दहा अंशांच्या वाढीमागे माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटला आणि मागणी वाढली. म्हणून मासे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकतात, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात. एअर पंप पूर्ण जोरात चालू करावा, फिल्टरचं पाणी वरून पडेल असं करावं, झाकण काढावं, दिवे मालवावेत.

मग तापमान. पाणी ३४-३५ अंशांवर असेल तर पहिले दोन-तीन अंश तासाभरात उतरवावेत, कारण त्या पाण्यात जाणारा वेळच जास्त घातक. त्यानंतर तासाला एक अंश पुरे. १०० लिटरमधलं १५ लिटर पाणी काढून क्लोरीन घालवलेलं २४ अंशांचं पाणी ओतलं, तर ३४ चं ३२.५ होतं, अर्ध्या तासाने पुन्हा तेवढंच बदललं की ३१ च्या आसपास. पुढचं काम पृष्ठभागावर पंखा लावून बाष्पीभवनावर सोपवावं. बर्फ थेट टाकू नये: त्याखालचा मासा एकदम गारठतो. उलट टाकी गारठली असेल तर तापमान तासाला एक अंशाने चढवावं, घाई तिथेही नको.

मासे शांत झाले की काम संपलं असं वाटतं, पण पुढचे दहा दिवस खरे जपायचे. फिल्टरमधले, माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणूही तापलेल्या, ऑक्सिजन घटलेल्या पाण्यात मरू शकतात. शिवाय pH ८ असलेल्या पाण्यात २५ अंशांना एकूण अमोनियाचा सुमारे ५ टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांना तो ७ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून एक-दोन दिवस खाऊ घालू नये, नंतर नेहमीच्या निम्मा द्यावा. मेलेला मासा लगेच काढावा. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेवढंच घातक नायट्राइट रोज तपासावेत आणि दिसले की पाव टाकी पाणी बदलावं, त्याच तापमानाचं.

हीटरला टेकून बसलेल्या माशाच्या अंगावर भाजल्याचा पांढुरका चट्टा उमटतो, खवले सुटतात. तिथून पाणी आत शिरतं, क्षार बाहेर जातात. लिटरला १ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ आधी विरघळवून, दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं घातलं तर शरीरावरचा हा भार हलका होतो, आणि मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरिडोरस (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) आणि पाणवनस्पतींना मीठ फारसं सोसत नाही, तेव्हा जखमी मासा वेगळ्या टाकीत ठेवावा. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच पुन्हा घालावं. चट्ट्यावर कापसासारखे तंतू दिसले तर बहुधा बुरशी लागली आहे, तिला औषध हवं. दोन आठवडे अंगावर परजीवींमुळे उठणारे पांढरे ठिपकेही शोधत राहावेत, तापमानाच्या धक्क्यानंतर ते अनेकदा डोकं वर काढतात.

फुटलेल्या, कोरड्यात तापलेल्या किंवा नळीत आतून दव धरलेल्या हीटरला पुन्हा टाकीत जागा नाही, तो चालत असला तरी. नवा आणल्यावर आधी बादलीत, थर्मामीटरसह, २४ तास चालवून पाहावा: दिवा विझतो तेव्हा पारा कुठे थांबतो, आणि पुन्हा कधी पेटतो.