छेत्रीचे दोन गोल कुठे गेले? देशाची जर्सी आणि देशाची ‘कॅप’

सीवूड्सला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एक शंभर पानी वही आहे. २०२३ ची सॅफ (दक्षिण आशियाई देशांची) स्पर्धा संपली तेव्हा भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्री याच्या नावावर ९२ आंतरराष्ट्रीय गोल होते आणि तिथून पुढचा प्रत्येक गोल त्याने या वहीत टिपला: हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत बांगलादेश आणि म्यानमार यांच्याविरुद्ध एकेक, मर्डेका स्पर्धेत मलेशियाविरुद्ध एक आणि मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध एक. बेरीज ९६ झाली. पण ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून छेत्रीने निरोप घेतला, तेव्हा सगळीकडे छापून आले १५१ सामने आणि ९४ गोल. “मामा, दोन गोल कुणी खाल्ले?” हा प्रश्न त्याने मला ज्या सुरात विचारला, त्यात थोडा संशय माझ्यावरही होता.

गोल कुणी खाल्लेले नव्हते. वहीत दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच रकान्यात बसल्या होत्या. देशाची जर्सी घालून खेळणे ही एक गोष्ट आणि देशाच्या वरिष्ठ, म्हणजे वयाची अट नसलेल्या, संघाकडून पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना खेळणे ही दुसरी. फुटबॉलपटूची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मोजतात ती केवळ दुसऱ्या गोष्टीवरून. अशा सामन्याला ‘कॅप’ म्हणतात, कारण इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १८८६ पासून देशाकडून खेळणाऱ्याला खरोखरीची टोपी देण्यास सुरुवात केली. टोपी प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही, शब्द मात्र राहिला. अखेरच्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला तरी कॅप मिळते, पण नव्वद मिनिटे बाकावर बसून काढली तर मिळत नाही.

हांगझोऊचे दोन्ही गोल पेनल्टीवरचे होते आणि दोन्ही भारतासाठीच होते, मग ते का धरले नाहीत? याचे कारण स्पर्धेच्या नियमात आहे. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांचे फुटबॉल २००२ पासून २३ वर्षांखालील संघांमध्ये खेळले जाते आणि प्रत्येक संघाला त्याहून मोठ्या वयाचे तीन खेळाडू घेण्याची मुभा असते. हांगझोऊची स्पर्धा वर्षभर लांबल्यामुळे ही मर्यादा २४ करण्यात आली होती. छेत्री त्या वेळी ३९ वर्षांचा होता आणि या तीन जागांपैकी एका जागेवर खेळत होता. खेळाडू कितीही ज्येष्ठ असला, तरी संघ वयोगटाचा असल्यामुळे सामनाही वयोगटाचाच ठरतो. ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या फुटबॉललाही आज हाच न्याय लागू आहे. २०१६ मध्ये रिओच्या अंतिम सामन्यात नेमारने जर्मनीविरुद्ध फ्री किकवर केलेला गोल ब्राझीलमध्ये कुणी विसरणार नाही, तरीही त्याच्या नावावरच्या ७९ आंतरराष्ट्रीय गोलांमध्ये तो नाही.

समोरचा संघही देशाचा वरिष्ठ संघच असावा लागतो. ब्राझीलचे पेले यांच्या गोलांचा वाद याच अटीमुळे निर्माण झाला. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या हिशेबात ते ७७ आहेत, तर ब्राझीलचा महासंघ क्लब संघांविरुद्धचे सामनेही धरून ९५ सांगतो. माझे मत फिफाच्या बाजूचे आहे, जरी पेले यांच्याबाबतीत ते उघडपणे बोलायला जीभ रेटत नाही.

आमच्या नेरूळकरांचा घोटाळा होतो त्यालाही कारण आहे. २५ ऑक्टोबर २०१७ रोजी नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला आणि स्पेनने मालीला ३-१ असे हरवले. तिसरा गोल फेरान टोरेस नावाच्या मुलाने केला. पुढे त्याचे नाव मोठे झाल्यावर ‘त्याने स्पेनसाठी पहिल्यांदा आमच्याकडे गोल मारला’ असे कट्ट्यावर ठासून सांगणारे भेटू लागले. वरिष्ठ संघात तो सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीविरुद्ध प्रथम खेळला आणि त्याचा पहिला गोल त्यानंतर काही दिवसांनी युक्रेनविरुद्ध आला. नेरूळचा गोल त्या खात्यात कुठेच नाही. त्याच विश्वचषकात दिल्लीत जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. त्याला पहिली कॅप मात्र मार्च २०२१ मध्ये दुबईत ओमानविरुद्ध मिळाली.

हा फरक केवळ आकड्यांपुरता नाही. वयोगटात एका देशाकडून खेळलेला खेळाडू, पात्रता असेल तर, वरिष्ठ संघासाठी दुसरा देश निवडू शकतो. जमाल मुसियाला २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघात होता आणि २०२१ च्या मार्चमध्ये जर्मनीच्या वरिष्ठ संघात. वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळल्यानंतर हा दरवाजा, काही मोजके अपवाद सोडता, बंद होतो.

वयोगटातून वरिष्ठ संघात जाणे हा नेहमी एकाच दिशेचा जिना असतो, असेही समजू नये. २० जानेवारी २०२२ रोजी याच डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या आशिया चषकात भारत आणि इराण यांच्यातला सामना ०-० असा सुटला. तो पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना होता, त्यामुळे मैदानात उतरलेल्या प्रत्येकीच्या खात्यात एक कॅप जमा झाली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला त्याच गवतावर १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले. त्या सामन्याची कॅप कुणालाच मिळाली नाही, आणि पराभूत संघात होती लिंडा कायसेडो, जी तीनच महिने आधी कोलंबियाच्या वरिष्ठ संघाकडून कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा खेळून त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली होती.