गोचीडजन्य आजारांची बालतपासणी

मुलांच्या नेहमीच्या आरोग्य तपासणीतच गोचीड चावल्याच्या खुणा पाहण्याची आणि अलीकडे येऊन गेलेल्या तापाची चौकशी करण्याची पद्धत. बेळगाव सीमाभागात, विशेषतः खानापूर तालुक्याच्या जांभोटी-कणकुंबी या जंगलपट्ट्यात, तिची मोठी गरज आहे. शेजारच्या गोव्यातील सत्तरी आणि महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यांत २०१५-१६ च्या सुमारास गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. हा विषाणूजन्य रोग पहिल्यांदा १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१३) अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी होते. तिच्या ठरावीक यादीत गोचीडजन्य ताप नाही, म्हणून डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवे: काजू-करवंदांना रानात गेला होतास का? गुरांमागे जातोस का? घरात कुत्रा आहे का? हे प्रश्न मराठी शाळेत मराठीतूनच विचारलेले बरे, मूल मोकळेपणाने सांगते. माकडतापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. शाळेची तपासणी पावसाळ्यातच उरकली तर या चौकशीचा निम्मा उपयोग जातो.

गोचिडीची पिल्ले तिळाहून लहान असतात. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कंबरेच्या नाडीखाली, जांघेत आणि गुडघ्यामागे बोट फिरवून पाहावे लागते. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये, काडीने चटका देऊ नये, नखाने चिरडू तर मुळीच नये.

निरोगी मुलांचे सरसकट रक्त तपासण्यात अर्थ नाही. मात्र रानातून आल्यावर आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोके व अंग ठणकणे, उलट्या किंवा रक्तस्राव दिसला, तर माकडतापाचा संशय धरून नमुना लगेच पाठवावा; पहिल्या आठवड्यात रक्तातला विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी उपयोगी पडते. या रोगावर नेमके औषध नाही, पण वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

कुत्र्यावरील गोचिडीमुळे होणाऱ्या टिक टायफस या जिवाणूजन्य तापाचे मात्र वेगळे आहे. तापाबरोबर मनगट-घोट्यांवर, तळहात-तळपायांवर पुरळ दिसले की अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतात. दात पिवळे पडतील या जुन्या भीतीने लहान मुलांना ते नाकारणे चूक आहे. थोड्या दिवसांच्या उपचाराने तसे होत नाही, उशीर मात्र जिवावर बेततो.