पोरगं पास झालं, पण अभ्यासक्रम पास झाला का?

सहावीतला एक मुलगा, वय 12, गणितात वर्गातल्या चांगल्या मुलांपैकी एक, त्यामुळे शिक्षिकेला त्याचं काहीच टेन्शन नाही. गोष्ट अमेरिकेतली आहे. 1973 साली स्टॅन्ली अर्लवँगर या संशोधकाने त्याच्यावर एक पेपर लिहिला आणि त्यात मुलाला बेनी असं टोपणनाव दिलं. बेनीच्या शाळेत गणिताचा तेव्हाचा नवा अभ्यासक्रम होता: प्रत्येकाने आपापल्या स्पीडने पुस्तिका सोडवायच्या, मग टेस्ट द्यायची, उत्तरं उत्तरसूचीवरून तपासायची आणि 80 टक्के मिळाले की पुढचा भाग. बेनी दुसरीपासून यातच शिकत होता आणि भराभर पुढे सरकत होता.

अर्लवँगर त्याच्याशी बोलायला बसला आणि विचारत राहिला, हे तू कसं केलंस?

2/10 दशांशात लिही म्हटलं तर बेनी लिहायचा 1.2, कारण दोन आणि दहा मिळून बारा, मधे पॉइंट दिला की झालं. 5/10 म्हणजे 1.5. मग 4/11 पण 1.5 आणि 11/4 पण 1.5, कारण बेरीज दोन्हीकडे पंधराच येते ना, आणि एक संख्या एकपेक्षा लहान आणि दुसरी दोनपेक्षा मोठी आहे हे त्याला अजिबात खटकत नव्हतं. 0.3 अधिक 0.4 चं उत्तर त्याच्या मते 0.07, दोन्ही आकड्यांत पॉइंटनंतर एकेक घर आहे तर उत्तरात दोन घरं हवीत. हा नियम गुणाकाराला बरोबर चालतो बघा, 0.3 गुणिले 0.4 म्हणजे 0.12, बेनीने तोच बेरजेला लावला. पोरगं मठ्ठ नव्हतंच, उलट एकटं बसून नियम शोधून काढत होतं, फक्त ते नियम बरोबर आहेत का हे त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. आणि सूचीत 1/2 असेल आणि याने 2/4 लिहिलं की चूक! त्यामुळे गणित म्हणजे सूचीत काय छापलंय ते ओळखायचं, असं त्याच्या डोक्यात बसलं.

मला यातली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट ही की रेकॉर्डवर सगळं उत्तम होतं, मुलगा पुढे जातोय, टेस्ट पास होतोय, म्हणजे अभ्यासक्रम चालतोय. आणि आपण आजही बहुतेक वेळा हेच बघतो, पोर्शन संपला का, निकाल किती टक्के लागला.

शिक्षणाची आंतरराष्ट्रीय तुलना करणारे संशोधक अभ्यासक्रमाचे तीन थर मानतात: कागदावर ठरवलेला, वर्गात खरोखर शिकवला गेलेला आणि मुलांपर्यंत पोचलेला. मधला थर लोक सोडूनच देतात. डेव्हिड कोहेन यांनी 1990 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षिकेबद्दल लिहिलंय, नव्या पद्धतीने गणित शिकवायला त्यांनी मनापासून घेतलं होतं, साहित्य नवं, उपक्रम नवे, आणि आपलं शिकवणं पूर्ण बदललंय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं, पण वर्गात बसून बघितलं तर मुलांनी उत्तराची चर्चा करण्याऐवजी जुनंच बरोबर-चूक चालू होतं. अशा वर्गातला निकाल बघून नवा अभ्यासक्रम चांगला किंवा वाईट म्हणणार कसं? म्हणून शिक्षकांकडून फॉर्म भरून घेण्यावर भागत नाही, मागच्या बाकावर जाऊन बसावंच लागतं.

आता हजारो मुलांच्या शेजारी कोण बसणार, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला एक चांगला उपाय आहे, तो म्हणजे चुकीचं उत्तरसुद्धा काहीतरी सांगेल असा प्रश्न बनवणं. 0.8 मोठा की 0.45? जो 0.45 म्हणतो तो 45 आणि 8 ची तुलना करतोय हे लगेच कळतं. पण 0.8 म्हणणाऱ्या सगळ्यांना कळलंय असंही नाही हं, काही मुलांना वाटतं पॉइंटनंतर जितके कमी आकडे तितकी संख्या मोठी, त्यांचं उत्तर इथे फुकटात बरोबर येतं. म्हणून लगेच दुसरा प्रश्न, 0.3 मोठा की 0.75, आणि तिथे ती मुलं 0.3 म्हणतात. दोन ओळींचे दोन प्रश्न, पण दहा मार्कांच्या बेरजा घालून जे दिसत नाही ते यात दिसतं.

भौतिकशास्त्रात 1992 मध्ये बलाच्या संकल्पनांवर अशीच एक टेस्ट तयार झाली, पर्यायांमध्ये मुलांचे नेहमीचे गैरसमज मुद्दाम ठेवलेले. 1998 मध्ये रिचर्ड हेक यांनी 62 कोर्समधल्या 6542 विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले, त्यातले बहुतेक अशाच टेस्टचे, कोर्सच्या आधी एकदा आणि नंतर एकदा घेतलेले. नुसतं लेक्चर होतं तिथे जेवढी सुधारणा शक्य होती त्यातली सरासरी 23 टक्के झाली, आणि मुलांना विचार करायला, एकमेकांशी बोलायला लावलं तिथे 48 टक्के.

तुलना मात्र पाहिजेच, कारण वर्षभरात मुलं तशीही थोडी मोठी होतात, थोडं शिकतात. यातलं जुनं आणि फार मेहनतीचं काम म्हणजे अमेरिकेतला 1930 च्या दशकातला आठ वर्षांचा अभ्यास, त्यात 30 शाळांना कॉलेज प्रवेशाच्या ठरीव नियमांतून सूट देऊन स्वतःचा अभ्यासक्रम आखू दिला होता आणि मूल्यमापनाचं काम राल्फ टायलर बघत होते. या शाळांमधून कॉलेजला गेलेल्या 1475 मुलांपैकी प्रत्येकाला वय, शैक्षणिक क्षमता चाचणीचे मार्क, घरची परिस्थिती यात जुळणारा बाहेरच्या शाळेतला एकेक जोडीदार शोधला गेला. नव्या शाळांची मुलं मागे पडली नाहीत, थोडी पुढेच राहिली. तरी जोड्या लावण्यात एक फट राहतेच, जी शाळा स्वतःहून नवा प्रयोग करायला तयार होते तिथले शिक्षक आधीच उत्साही असू शकतात, म्हणून आता शक्य असेल तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, कुठल्या शाळेला नवा अभ्यासक्रम आणि कुठल्या शाळेला जुना.

हे सगळं कधी करायचं हाही मुद्दा आहेच. मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये मूल्यमापनाचे दोन प्रकार वेगळे केले, गोष्ट घडत असताना ती सुधारण्यासाठी केलेलं आणि पूर्ण झाल्यावर निवाडा देण्यासाठी केलेलं. आपला सगळा जोर दुसऱ्यावर असतो, आणि तोपर्यंत पुस्तकं छापून झालेली असतात, मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात. दशांशाचा धडा कच्चा असतानाच पाच-सहा मुलांना देऊन, ते 0.3 आणि 0.75 वाले प्रश्न विचारून, हे कसं केलंस म्हणून ऐकून घ्यायचं, धडा बदलायचा आणि दुसऱ्या पाच-सहा जणांना द्यायचा. याला काही आठवडे लागतात, आठ वर्षं नाही.