जुन्या घरातले खटके बदलताना

साताऱ्याकडे मामाचं जुनं घर आहे, भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावरून गेलेली वायर आणि लाकडी बोर्डावर काळे बेकेलाइटचे गोल खटके. मामी म्हणाली हे खटके फार कडक झालेत, पांढरी मॉड्युलर बटणं बसवून घेऊ. वायरमनने बोर्ड उघडला, एक वायर जरा वाकवली आणि तिच्यावरचं रबर भाजलेल्या पापडासारखं तुटून खाली पडलं.

तेव्हाच्या वायरीवर आजच्यासारखं पीव्हीसी नसायचं, रबर असायचं आणि वरून सुती वीण. हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता यांनी रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं, पण कोणी हात लावत नाही तोवर जागेवर टिकून राहतं, आणि आपण नेमकं खटका बदलताना ती वायर ओढतो, वाकवतो. म्हणून मला वाटतं नुसते खटके बदलायचा विचार आधी सोडावा, वायर बघावी.

दुसरी गोष्ट जास्त भीतीची. दोन खोल्यांत खटका फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर, नव्हताच, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर होता! असं असलं तरी बटण बंद केलं की दिवा विझतो, कारण सर्किट तुटतं, पण 230 व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन थांबलेले असतात आणि स्टुलावर चढलेल्या माणसाला वाटतं लाइट बंद आहे. काही घरांत एलईडी बंद केल्यावरही मंद पेटत राहतो ना, त्याचं एक कारण हेच. शेजारून जाणाऱ्या दोन वायरी, मध्ये इन्सुलेशन, म्हणजे छोटा कपॅसिटरच (वीज साठवणारा भाग) झाला, त्यातून घरातला सतत दिशा बदलणारा करंट अगदी थोडा झिरपतो. 60 वॅटच्या जुन्या बल्बला साधारण पाव अँपिअर लागायचा, त्याला एवढ्याने काही व्हायचं नाही, एलईडीला मात्र ते पुरतं.

ॲल्युमिनियमची वायर असेल तर अजून वेगळं. तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो, तो वीज वाहू देत नाही, आणि धातू मऊ असल्याने स्क्रूखाली दबून जोड ढिला होतो. अशा जोडात एक ओहम रोध आला आणि 5 अँपिअर करंट गेला तर 25 वॅट उष्णता तिथेच तयार होते, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही बंद बोर्डाच्या आत, लाकडाला लागून.

अजून एक, जुन्या मेन स्विचवर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे फ्यूज असायचे. न्यूट्रलचा उडाला किंवा चुकून तेवढाच काढला की घर अंधारात जातं पण वायरीत फेज असतोच, त्यामुळे दिवे गेले म्हणजे लाइन गेली असं कधीच धरू नका. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून पेटतो का बघायचा, मग बोर्डावर लावायचा, आणि काम परवाना असलेल्या वायरमनलाच द्यायचं.

मामाने शेवटी दिव्यांसाठी 1.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर नव्याने ओढून घेतली, फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी, आणि मेनजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला. खटके सगळ्यात शेवटी लागले.